डोक्यावर केस नाहीत आणि हेल्मेट तर घालायचंय, मग आत काय घालावं? (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

मला २०१७ ला चाई लागली. आधी कानामागे रुपयाच्या नाण्याएवढा एक गोल, मग दुसरा, आणि सहा-सात महिन्यांत डोकं पूर्ण साफ. भुवया राहिल्या तेवढं नशीब. पुण्यात राहते, घर कोथरूडला, ऑफिस शिवाजीनगरला, रोजची स्कूटर, त्यामुळे माझं आणि हेल्मेटचं भांडण तेव्हापासूनचं. त्यातून जे कळत गेलं ते ओळखीपाळखीत सांगत गेले, मग कुणाच्या मावशीची केमो सुरू झाली की माझा नंबर जायचा, कुणाच्या मुलाचे टायफॉइडनंतर केस गेले की परत माझाच नंबर, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. मी डॉक्टर नाही, शिवणकामही जेमतेम येतं, हे आधीच सांगते.

केस नाहीत तर हेल्मेट उलट छान बसेल की! आत वेगळं काही घालायचं कशाला?

मलाही असंच वाटलं होतं. पण केस असतात तेव्हा ते गुपचूप बरीच कामं करत असतात. हेल्मेटचं अस्तर आणि कातडी यांच्यात गादीसारखे असतात, घाम धरून ठेवतात, आणि हेल्मेट घालता-काढताना जे घासलं जातं ते केसांवर घासलं जातं, कातडीवर नाही. ते गेले की अस्तराची प्रत्येक शिवण, वेल्क्रोची कड, साईझचं ते कडक लेबल, सगळं थेट डोक्याला कळायला लागतं.

आणि घाम. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. मे महिना, दुपारचे दोन, म्हात्रे पुलाजवळ सिग्नलला उभी होते. टाळूवरून घामाची धार निघाली ती कुठेच न थांबता सरळ दोन्ही डोळ्यांत. सनस्क्रीन लावलेलं, त्यामुळे डोळे असे झोंबले की उघडेचनात. सिग्नल हिरवा झाला, मागून हॉर्नवर हॉर्न, आणि मी चक्क आंधळी. गाडी पायाने ढकलत ढकलत फुटपाथला लावली आणि ओढणीने डोळे पुसत बसले. दुसऱ्या दिवशी टोपी शोधायला निघाले.

अजून एक कारण आहे जे लोक कबूल करत नाहीत. हेल्मेट टोचलं की आपण ते घालायचं टाळतो. मी स्वतः दोन-अडीच महिने हेल्मेट पायाशी ठेवून फिरलेय, चौकात ट्रॅफिकवाला मामा दिसला की डोक्यावर, चौक गेला की परत खाली. ज्याच्या डोक्यावर केसांचीही गादी नाही त्याने असं करणं म्हणजे काय ते तुम्हीच बघा.

कापड कोणतं घ्यायचं? कॉटनच ना?

हो आणि नाही. कॉटन मऊ असतं, घाम पितं, पण एकदा भिजलं की भिजलेलंच राहतं. वीस मिनिटांच्या रस्त्याला एकदम मस्त, तासाभराच्या रस्त्याला ओल्या फडक्यासारखं. माझ्यासाठी सगळ्यात चाललेलं म्हणजे होजिअरी कॉटन ज्यात थोडं लायक्रा असतं, म्हणजे चांगल्या टीशर्टचं किंवा लेगिंगचं कापड. ताणलं जातं, सुरकुत्या पडत नाहीत, डोक्याला चिकटून बसतं. सुरकुती हा शत्रू आहे बरं का, साध्या मलमलची टोपी हातात इतकी मऊ लागते पण हेल्मेटखाली तिची घडी पडली की ती घडी तासाभरात कपाळावर वळ उठवते.

बांबूचं म्हणून जे कापड मिळतं ते खरं तर विस्कोस असतं, नावावर जाऊ नका, पण हाताला गार आणि मऊ लागतं हे खरं, केमोवाल्या बऱ्याच जणींना तेच आवडतं. ड्रायफिट टाईपचं पॉलिस्टर घाम पसरवून लवकर वाळतं, लांब जाणाऱ्यांनी ते घ्यावं, फक्त त्याला वास फार लवकर धरतो आणि हुळहुळ्या डोक्याला ते कधीकधी खरखरीत लागतं. सॅटिनची टोपी मात्र हेल्मेटच्या आत नको. झोपताना उशीवर छान, पण हेल्मेटखाली ती घसरते, आणि टोपी घसरली की वरचं हेल्मेटही घसरतं. लोकर, जाड विणलेली टोपी, कानटोपी, नाही म्हणजे नाहीच. का ते खाली साईझच्या प्रश्नात आहे.

दुकानात टोपी घेताना एक करा, ती उलटी करा आणि मनगटाच्या आतल्या बाजूला जरा दाबून दहा-बारा वेळा घासा. तिथली कातडी पातळ असते. तिथे लाल झालं तर डोक्यावर होणारच.

टोपी मऊ आहे तरी अर्ध्या तासात टोचायला लागतं. का?

शिवण! दहातल्या नऊ वेळा शिवण. माझी पहिली टोपी तुळशीबागेतून घेतली होती, काळी, नेट लावलेली, दिसायला झकास. ऑफिसला पोचून वॉशरूमच्या आरशात बघितलं तर कपाळापासून मागेपर्यंत डोक्यावर मधोमध रेल्वेचा रूळ उमटलेला. संध्याकाळपर्यंत गेला नाही. आत ओव्हरलॉकची जाड शिवण होती आणि वरून हेल्मेटचं सगळं वजन तिच्यावर.

सोपा उपाय म्हणजे टोपी उलटी घाला. शिवण बाहेर, गुळगुळीत बाजू डोक्याला. हेल्मेटखाली कोण बघतंय? माझ्या सासूबाई पहिल्यांदा म्हणाल्या होत्या, "अगं, उलटी घातलीयेस", आता त्यांनाच सवय झालीय. लेबल असेल तर ते कात्रीने कापू नका, कापलेली कड काट्यासारखी टोचते, टाके उसवून मुळापासून काढा.

दुसरा पर्याय म्हणजे बिनशिवणीची नळी, बाईकवाले ज्याला बफ म्हणतात ती. गळ्यात घालतात, तोंडावर ओढतात, तीच डोक्यावर ओढून घ्यायची. नळी वरून उघडी असते म्हणून लोक तिला पीळ देऊन दुमडतात किंवा वर गाठ मारतात. तसं करू नका, टाळूवर तो उंचवटा येतो. नळीचं वरचं टोक नुसतं सपाट पाडून हेल्मेट घाला, थोडी टाळू उघडी राहिली तर राहू दे.

इलॅस्टिकच्या टोप्यांचंही तेच, कडेला बारीक इलॅस्टिक असेल तर ते रुततं. रुंद पट्टी हवी, दोन बोटं रुंद तरी, आणि ती कपाळावर हेल्मेटच्या कडेच्या आत किंवा पूर्ण बाहेर यावी. बरोब्बर कडेखाली आली की काचते.

टोपी घातल्यावर हेल्मेट घट्ट होतं, मग एक साईझ मोठं घेऊ का?

थांबा. हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि यात लोक सगळ्यात जास्त चुकतात.

केस गेल्यावर आधी डोक्याचं माप परत घ्या. टेलरची टेप भुवयांच्या बोटभर वरून, कानांच्या वरून, मागे जिथे डोकं सगळ्यात फुगीर आहे तिथून फिरवा. माझं दाट केसांसकट ५७ होतं ते ५६ झालं, आणि शिवाय आधी वेणी हेल्मेटमध्ये कोंबायची सवय, ती वेणीही गेली. म्हणजे जुनं हेल्मेट मला ढिलं व्हायला लागलं होतं आणि मला पत्ताच नव्हता. आपल्याकडच्या हेल्मेटवर ५६०, ५८०, ६०० असे आकडे असतात ते मिलिमीटर आहेत, म्हणजे ५८० म्हणजे ५८ सेंटीमीटर. कंपनीप्रमाणे थोडाफार फरक पडतो म्हणून घालून बघायचंच, आणि आतली टोपी घालूनच बघायचं. चष्मा घ्यायला जाताना आपण जुना चष्मा नेतो ना, तशी टोपी न्यायची.

तपासायचं कसं? पट्टा लावा, हनुवटी आणि पट्टा यांच्यात फार तर दोन बोटं जावीत. मग डोकं डावी-उजवीकडे झटका. हेल्मेटबरोबर कपाळाची कातडी हलली पाहिजे, हेल्मेट एकीकडे आणि तुम्ही दुसरीकडे असं नको. मग मागून हेल्मेटची खालची कड धरून वर-पुढे ओढा, पट्टा लावलेला असताना ते डोळ्यांवर येऊन निसटायला लागलं तर ते हेल्मेट तुमचं नाही, कितीही भारी असू दे.

केस नसलेल्यांची गंमत अशी की कातडी घामाने ओली झाली की हेल्मेट जास्तच सरकतं. पातळ सुती टोपी ही सरकण थांबवते. जाड टोपी उलटं करते. हेल्मेटच्या आत जे थर्माकोलसारखं कवच असतं ते आपटल्यावर दबून धक्का खातं, म्हणून ते डोक्याला नीट लागून असावं लागतं. मध्ये लोकरीचा मऊ थर आला की तो रोज चेपत जातो, आणि सकाळी घट्ट वाटलेलं हेल्मेट संध्याकाळी ढिलं. म्हणून टोपी टीशर्टच्या कापडाइतकी जाड, तीही एकपदरी. तेवढ्याला साईझ बदलावी लागत नाही. टोपीमुळे साईझ बदलायची वेळ आली तर टोपी जाड आहे, हेल्मेट लहान नाही.

आणि कृपा करून आत स्पंज चिकटवू नका, थर्माकोल कोरू नका. एका ओळखीच्या काकांनी टाळूला लागतं म्हणून सुरीने तिथलं थर्माकोल खरवडून खड्डा केला होता आणि मला कौतुकाने दाखवलं. मी काय बोलणार! गाल ढिले वाटत असतील तर बऱ्याच हेल्मेटांच्या गालाच्या गाद्या बदलून जाड मिळतात, दुकानात विचारा.

नुसता स्कार्फ बांधून वर हेल्मेट घातलं तर? पुण्यात सगळ्या तेच करतात.

पुण्याच्या पोरींचा स्कार्फ म्हणजे अतिरेक्यांसारखं तोंड बांधणं हा विनोद आता जुना झाला. मी पण बांधते, धुरासाठी आणि उन्हासाठी. पण डोकं झाकायला तो बरोबर नाही, निदान नेहमीच्या पद्धतीने नाही, कारण आपण तो दोन-तीन पदर करून बांधतो आणि गाठ नेमकी मागे हेल्मेटच्या आत येते. केस असताना ती गाठ अंबाड्याखाली लपायची, आता थेट हाडावर.

मी असं करते: आधी टोपी, मग स्कार्फ फक्त नाकावरून आणि गळ्यावरून, गाठ मानेवर हेल्मेटच्या कडेच्या खाली, मग हेल्मेट. कुणाला डोक्यावरूनच घ्यायचा असेल तर एकपदरी, मलमलचा, टोकं मानेखाली. आणि टोकं जॅकेटच्या आत खोचा, मागच्या चाकात ओढणी अडकण्याचे किस्से काही कमी नाहीत.

विगवर हेल्मेट चालतं का?

चालतं, पण विगचं वाटोळं होतं. सिंथेटिक विग आत तापतो, मानेजवळ गुंता होतो तो सुटत नाही, आणि हेल्मेट काढताना विग हेल्मेटबरोबर येतो. माझा एकदा आलाय. ऑफिसच्या पार्किंगमध्ये. वॉचमन काकांनी इतक्या शांतपणे दुसरीकडे बघितलं की मी आजही त्यांना दिवाळीला फराळाचा डबा देते.

त्यानंतर विग डब्यात आणि डबा डिकीत. पोचल्यावर लिफ्टच्या आरशात चढवायचा, दीड मिनिटाचं काम. उन्हात डिकीत सोडून जायचा नाही, सिंथेटिक धागा उष्णतेने आखडतो. ज्यांना विगवरच हेल्मेट घालायचंय त्यांनी विगखाली कॅप, विगवर एक पातळ नळी, आणि हेल्मेट आधी मागे झुकवून मग काढायचं, सरळ वर ओढायचं नाही.

टॉपर म्हणजे क्लिपांनी लावायचे केस असतील तर क्लिपा काढल्याशिवाय हेल्मेट घालू नका. धातूची क्लिप, वर हेल्मेट आणि खाली तुमची कवटी, पडलात तर ती क्लिप कुठे जाईल याचा विचार करा. रबरी हेअरबँड, पिना, सगळ्याला हेच.

केमो चालू आहे. गाडी चालवू का?

हे डॉक्टरांनाच विचारा, आणि "थकवा येतो का" एवढ्यावर थांबू नका. काही औषधांनी हातापायाला मुंग्या येतात, बोटं बधिर होतात, मग ब्रेक किती दाबला ते कळत नाही. ते त्यांना सांगा. प्लेटलेट कमी असतील तर साध्या मारानेही मोठं काळं-निळं होतं.

टोपीबद्दल सांगते. सगळ्याच केमोने केस जात नाहीत, पण ज्यांनी जातात त्यांचे साधारण पहिल्या डोसनंतर दोन-तीन आठवड्यांत गळायला लागतात, आणि गळायच्या आधी डोकं दुखतं, हुळहुळतं, उशीसुद्धा सहन होत नाही. टोपी त्याआधीच घेऊन ठेवा, तेव्हा बाजारात फिरायची ताकद नसते. मागे बसून जाणार असाल तरी हेल्मेट आणि टोपी दोन्ही. नंतर नवीन केस येतात ते दाढीच्या खुंटासारखे असतात, त्या दिवसांत नेटची टोपी अजिबात नको, खुंट जाळीत अडकून ओढले जातात.

खरं सांगा, हेल्मेटमुळेच केस गेले ना?

२०१९ च्या जानेवारीत पुण्यात हेल्मेटसक्ती कडक झाली तेव्हा मोर्चे निघाले, आणि केस गळतात हे कारण प्रत्येक कट्ट्यावर ऐकू यायचं. चाई हा शरीराच्या प्रतिकारशक्तीचा घोळ आहे, ती स्वतःच्याच केसांच्या मुळांवर उलटते. किडा लागत नाही, आणि हेल्मेटने तर नाहीच. पुरुषांचं नेहमीचं टक्कल अनुवंशिक आणि हार्मोनचं. ताप, बाळंतपण, टायफॉइड, डेंग्यू यानंतरची गळती दोन-तीन महिन्यांनी सुरू होते म्हणून कारण लक्षात येत नाही आणि नाव हेल्मेटवर येतं. २०२५ च्या सुरुवातीला बुलढाण्यात शेगाव तालुक्यातल्या गावांत लोकांचे केस मुठीने हातात यायला लागले, आयसीएमआरची, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेची माणसं तपासायला आली, तिथे म्हाताऱ्या बायका आणि लहान मुलंही होती, त्यांनी कुठलं हेल्मेट घातलं होतं?

घट्ट अंबाडा बांधून त्यावर रोज हेल्मेट ओढलं तर कडेचे केस ओढले जाऊन तुटतात, हे मात्र खरं. घाणेरडं अस्तर असेल तर फोड येतात, कोंडा वाढतो. त्याला उपाय धुणं हा आहे.

उन्हाळ्यात काय? आम्ही नागपूरचे.

तुमच्यापुढे आम्ही पुणेकरांनी उन्हावर बोलू नये. ४५ अंशात तिकडे पांढरा दुपट्टा डोक्याला गुंडाळल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही आणि ते शंभर टक्के शहाणपणाचं आहे. फक्त हेल्मेट घालायचं तर दुपट्टा डोक्याभोवती नाही, कानावरून-मानेवरून. आत पातळ टोपी पाण्यात बुडवून, घट्ट पिळून घालायची, वारा लागला की पंधरा-वीस मिनिटं तरी गार राहते. माझी नागपूरची मैत्रीण दोन ओल्या टोप्या डब्यात घालून नेते आणि परतताना दुसरी घालते. हेल्मेट उन्हात गाडीवर टांगून ठेवू नका, आतलं अस्तर तव्यासारखं तापतं, नंतर ते उघड्या डोक्याला कसं लागतं ते एकदा कळलं की पुरे.

खिशात कांदा ठेवायचा असेल तर ठेवा बापडे, पण पाण्याची बाटली पण ठेवा.

पावसाळ्यात हेल्मेट वाळतच नाही, वास मारतो.

कोकण-मुंबईवाल्यांचा लाडका प्रश्न. टोपीचा खरा फायदा इथे आहे, घाम टोपी पिते, अस्तर नाही, आणि टोपी रोज धुता येते. तीन टोप्या असाव्यात, एक डोक्यावर, एक दोरीवर, एक पर्समध्ये. साध्या साबणाने धुवा, कम्फर्टसारखं सुगंधी काही घालू नका, ड्रायफिटचं घाम पसरवणं त्याने कमी होतं आणि वासाने उघड्या डोक्याला खाज सुटू शकते. अस्तर निघणारं असेल तर पंधरा दिवसांनी काढून हाताने धुवा आणि पंख्याखाली वाळवा. हेल्मेट हिटरसमोर किंवा ड्रायरने वाळवू नका, आणि बाहेरून पेट्रोलने पुसू नका, कवच खराब होतं. ओली टोपी ओल्या हेल्मेटखाली रोज घातली तर गोल, कडेला लाल, खाजरे चट्टे येऊ शकतात, ती बुरशी असते. चाईचा गोल गुळगुळीत असतो, सहसा खाजत-सोलत नाही. शंका आली तर मेडिकलमधून आणलेली तीन औषधं मिसळलेली ट्यूब लावत बसू नका, स्किनच्या डॉक्टरकडे जा.

बँकेत, पेट्रोल पंपावर, सोसायटीत हेल्मेट काढायला लावतात. तेव्हा काय करू?

यासाठीच टोपी अशी घ्या जी एकटी घातलेली बरी दिसेल. माझ्याकडे गडद निळी, मरून आणि काळी आहे. हेल्मेट काढलं की खाली नुसती टोपी दिसते, कुणी दुसऱ्यांदा बघत नाही. पांढऱ्या टोपीला मात्र लोक विचारतात, "काय झालंय?" एका गार्डने मला टोपीही काढायला सांगितली होती. मी म्हटलं, "दादा, चेहरा दिसतोय ना? आत केस नाहीत, अजून काही नाही." बिचारा इतका ओशाळला की दार उघडून धरलं. रडू आलं नव्हतं असं नाही, पण ते गाडीवर बसल्यावर.

मेडिकल सर्टिफिकेट दाखवलं तर हेल्मेटमधून सूट मिळते का?

नाही मिळत, आणि मागूही नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९ मध्ये चार वर्षांवरच्या प्रत्येकाला हेल्मेट आहे, मागे बसणाऱ्यालाही, आणि नावानिशी सूट आहे ती पगडी घातलेल्या शीख व्यक्तीला. केस नसणं, विग असणं, ऑपरेशन झालेलं असणं असं काही त्यात नाही. २०१९ च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या कायद्यात १००० रुपये दंड आणि तीन महिने लायसन्स बाद असं लिहिलंय. आयएसआय मार्क बघूनच घ्या, १ जून २०२१ पासून तो सक्तीचा आहे. रस्त्याकडेच्या ढिगातल्या हेल्मेटचं अस्तर उघड्या डोक्यावर पॉलिश पेपरसारखं लागतं, हा माझा स्वतःचा अनुभव.

कंपनीत पिवळं हेल्मेट असतं. तिथेही हीच टोपी?

चाकणच्या एका दादांनी विचारलं होतं. टोपी हीच, पण तिथलं गणित वेगळं. त्या हेल्मेटच्या आत पट्ट्यांचा पाळणा असतो आणि कवच आणि डोकं यांच्यात मुद्दाम पोकळी ठेवलेली असते, वरून काही पडलं तर तीच वाचवते. त्या पोकळीत टॉवेल, रुमाल, पैसे, मोबाईल काही कोंबायचं नाही. पातळ टोपी घाला आणि मागची चक्री फिरवून पट्टी परत बसवा. कपाळाची घामपट्टी बदलून मिळते, स्टोअरला मागा. वेल्डिंगला असाल तर फक्त कॉटन, लायक्रासुद्धा नको, ठिणगीने पॉलिस्टर वितळून कातडीला चिकटतं.

सायकलवाल्यांनी लक्षात ठेवा, तुमच्या हेल्मेटला भोकं असतात, टोपी नसेल तर उन्हाने डोक्यावर झेब्रासारखे पट्टे भाजतात.

मुलगा आठ वर्षांचा आहे, शाळेत हेल्मेट काढताना टोपी निघते आणि पोरं हसतात.

त्याला टोपी स्वतः निवडू द्या, क्रिकेट टीमच्या रंगाची हवी असेल तर ती. हनुवटीखाली बंद लावून टोपी अडकवू नका, हेल्मेटचा पट्टा आणि बंद दोन्ही गळ्याशी, नको ते. टोपी मागे थोडी लांब शिवून घ्या, मानेपर्यंत, म्हणजे एका हाताने ती धरून दुसऱ्या हाताने हेल्मेट काढता येतं. गेटच्या अलीकडे पन्नास पावलं गाडी थांबवून हेल्मेट काढलं तरी चालतं की.

डोक्याला लोशन लावते. लगेच टोपी घातली तर?

मिनॉक्सिडिल (केस उगवायला लावतात ते औषध) किंवा दुसरं काहीही असो, पूर्ण वाळू द्या, नाहीतर औषध टोपीला लागतं आणि डोकं चुरचुरतं. मी रात्रीच लावून टाकते. ट्रान्सप्लांट केलेल्यांनी मात्र सर्जन हो म्हणेपर्यंत हेल्मेट घालायचंच नाही, म्हणजे तेवढे दिवस दुचाकीवर बसायचंच नाही, रिक्षा करा. लाखभर रुपये घालून लावलेले केस शंभर रुपये वाचवायला घासू नका.

घरी शिवता येईल का? तुम्ही विकता का?

विकत नाही. मी आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंकडून शिवून घेते, आणि त्या काकूंना चार टोप्या बिघडवल्यावर जे जमलं ते असं. जुना मऊ टीशर्ट घ्या, धुऊन धुऊन विरलेला असेल तर फारच छान. कपाळापासून मानेपर्यंत जाणारी एक मधली पट्टी, चार बोटं नाही, चांगली वीतभराहून जराच कमी रुंद, आणि दोन्ही बाजूंना दोन अर्धगोल तुकडे. असं केलं की शिवणी कानांच्या वरच्या बाजूने जातात, टाळूवर एकही येत नाही. चार पाकळ्यांची टोपी शिवली की चारही शिवणी नेमक्या टाळूवर एकत्र येतात आणि तिथे गाठ होते, ती करू नका. घेर डोक्याच्या मापापेक्षा चार-पाच सेंटीमीटर कमी, कापड ताणलं जातं ती दिशा आडवी. कडा दुमडायच्या नाहीत, टीशर्टचं कापड उसवत नाही, एकावर एक ठेवून झिगझॅग मारायचं. खालची कड म्हणून टीशर्टची मूळची खालची पट्टीच वापरायची, म्हणजे इलॅस्टिक लागत नाही.

मशीन नसेल तर एक्स्ट्रा लार्ज टीशर्टची बाही कापा आणि कपाळावर पट्टीसारखी ओढा. घाम डोळ्यांत येणार नाही, बाकी नंतर बघू. नवऱ्याचा टीशर्ट कापणार असाल तर आधी विचारा, आमच्याकडे त्यावरून एक पूर्ण रविवार गेलाय.